बिनशिट्टीचं घर

भाड्याचं घर पाहायला गेलं की घरमालक सगळ्यात आधी आडनाव विचारतो. सौंसरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी बसस्टँडच्या आसपासची बरीच घरं पाहिली. आडनाव सांगितलं की त्या घरातल्या कुठल्यातरी पुतण्याचं लग्न तिथल्या तिथे ठरायचं आणि खोली त्याच्यासाठी राखून ठेवावी लागायची. आमच्या आडनावानं या तहसिलीत जेवढी लग्नं जमवली तेवढी एखाद्या मध्यस्थानंही जमवली नसतील.

काकूंनी आडनाव विचारलं नाही. त्यांचं घर एका बंद गल्लीच्या टोकाला होतं. दार उघडून त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न पाहता दाराच्या कडीकडे पाहत म्हणाल्या, "कुकर आहे काय?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आहे ना! लग्नातला आहे. एकदम नवा."

"मंग नाही जमत," त्या म्हणाल्या आणि दार लावायला लागल्या.

मी पायरीवर तशीच उभी. कडेवर मितू, माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. ऊन डोक्यावर. या घराला नाही म्हणायला कारण तरी नवीन सापडलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "आन् कुकर नसला तं?"

दार थांबलं. "तं जमते. डाळ गंजात शिजते. मांगच्या लोकाइची गंजातच शिजत होती." गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं.

मग मला वाटलं, आधीच सांगून टाकावं. आधीच्या घरमालकानं ज्या कारणासाठी आम्हाला हलवलं ते नंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. म्हटलं, "काकू, आमची पोरगी आवाज करते."

"कसा?"

लोक "किती?" म्हणून विचारतात, नाहीतर "काऊन?", म्हणजे का, म्हणून. "कसा?" असं मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी म्हटलं, "कधी वरडते. कधी ताट वाजवते."

"ताट कायचं? स्टीलचं?"

"हाव."

"स्टीलचं नोको. प्लास्टिकचं देजा," काकूंनी कडीला सांगितलं आणि दार पूर्ण उघडलं.

असं ते घर मिळालं. माझा लग्नातला कुकर लोधीखेड्याला बहिणीकडे गेला आणि आमच्या डाळी गंजात शिजू लागल्या.

काकू एकट्याच होत्या. नवरा वारलेला, मूल नाही. माहेरच्या वाटणीत त्यांना संत्र्याची बाग मिळत होती. त्यांनी ती भावांना देऊन टाकली आणि त्याबदल्यात हे गल्लीतलं जुनं दोन खोल्यांचं आणि वर एका खोलीचं घर मागून घेतलं. बागेतल्या मोटरपंपाचा घूंऽऽ आवाज त्यांच्या दाढेत जायचा, म्हणून. भावांना आधी वाटलं बहीण त्याग करून राहिली. त्यांनी तिच्या पाया पडायची तयारी केली, तेव्हा काकू म्हणाल्या, "पाया नोको पडू. मले कोणी हात लावलेला नाही आवडत."

कानटोपी हा त्यांचा दागिना. जाड लोकरीची, कानाशी दुमडलेली. थंडीत सगळेच घालतात. काकू भर मे महिन्यात, वरातीच्या दिवशी घालायच्या आणि घामानं निथळत मागच्या खोलीत बसायच्या. नव्या माणसाला वाटायचं म्हातारीला ताप आहे. गल्लीतल्या कुठल्या घरी कधी कुकर लागतो हे त्यांना पाठ होतं. समोरच्या वहिनींच्या घरी डाळ चढली की पहिल्या शिट्टीच्या आधीच काकूंच्या खिडक्या धाडधाड लागायच्या. वहिनी म्हणायच्या, "मले घड्याळच नाही लागत. काकूची खिडकी लागली का समजते, शिट्टी होऊन राहिली."

संत्र्याच्या मुलखात जन्म काढून बाईनं संत्रं खाल्लं नाही. पाकळीवरची साल दातांत चरचरते म्हणे. दर बहाराला कुणी ना कुणी पिशवीभर संत्री घेऊन यायचं. आपल्याकडे अशा वेळी "कशाला आणलं एवढं" म्हणत पिशवी आत घेतात. काकू म्हणायच्या, "मी खात नाही. वापस घेऊन जा." माणूस हसून पिशवी तिथेच ठेवायला वाकला की काकू पिशवी उचलून त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवून यायच्या. रागानं नाही. जाता जाता सायकलची घंटीसुद्धा नीट पुसायच्या.

आणि जेवायला बोलावण्याची गोष्ट तर आमच्या शाळेत अजून सांगतात. आमच्या मोठ्या बाई एकदा बाजारात काकूंना भेटल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "या ना कधी घरी जेवाले." आता हे वाक्य आपण किती लोकांना म्हणतो! काकूंनी विचारलं, "कधी?" बाई म्हणाल्या, "केव्हाबी या, घर तुमचंच आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी बाई डोक्याला मेंदी लावून बसलेल्या असताना काकू दारात हजर. हातात डबा. डब्यात स्वतःची ज्वारीची भाकर आणि घट्ट वरण, कारण दुसऱ्याच्या हातचं त्या खात नसत. त्यांनी मोठ्या बाईंच्या ओसरीत बसून स्वतःचा डबा खाल्ला, पाणी पिऊन उठल्या आणि निघाल्या. मोठ्या बाई मेंदीचे हात वर धरून बसल्या ते बसल्याच.

संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "त्याइले माह्या येण्याचा आनंद नाही झाला."

मी म्हटलं, "काकू, ते बोलाचं असते. कोणी खरंच जात नाही."

"मंग बोलावते काऊन?"

काकू त्या दिवसापासून जास्तच सावध झाल्या. त्यांनी कुणालाही कधी उगाच "या" म्हटलं नाही. "मी फालतू बोलवत नाही," असं त्या सांगायच्या, आणि खरोखरच वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बोलावलेला असा एकही पाहुणा आला नाही.

लोक त्यांना सनकी म्हणायचे. मीही म्हणायचे, नवऱ्याजवळ, हसून हसून. पण एकदा गल्लीत एका घरी माणूस गेला. आम्ही सगळ्या बाया भेटायला गेलो, त्याच्या बायकोभोवती गोल करून बसलो आणि जे बोलायचं ते बोलून झाल्यावर गप्प झालो. तेवढ्यात काकू उठून आत न्हाणीत गेल्या. बऱ्याच वेळानं चिंधीचा उरलेला तुकडा हातात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नळ गळून राहिला होता. बांधला." सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. महिनाभरानं ती बाई मला म्हणाली, "तो टपटप आवाज, मॅडम, चार दिवसांपासून माह्या डोक्यात पडून राहिला होता. तो थांबला आन् मंग मले रडू आलं." त्यानंतर मी काकूंना हसले नाही असं नाही, पण जरा बेतानं हसले.

आता मितूबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय काकूंची गोष्ट अर्धीच राहते.

मितू बोलत नव्हती. हाक मारली तर पाहत नव्हती. तीनचाकी सायकल दिली की ती उलटी करायची आणि चाक फिरवत बसायची, तासन्‌तास. आनंद झाला की टाचा उचलून चवड्यांवर चालायची आणि दोन्ही हात पाखरासारखे हलवायची. मी शाळेत चाळीस पोरांना अक्षरं शिकवून घरी यायचे आणि माझी स्वतःची पोर मला "आई" म्हणत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, तिचा बापही उशिराच बोलला. शेजारी म्हणायचे, जामसांवलीच्या मारुतीला नेऊन आणा. कुणी म्हणायचं, मोबाइल दाखवता म्हणून झालं. कुणी म्हणायचं, आई नोकरी करते म्हणून. सांगणाऱ्यांचा जीव तुटत होता हे कळत होतं, पण माझाही तुटतच होता, आणि तो रोज नव्या माणसासमोर तोडून दाखवायचा मला कंटाळा आला होता.

मितूला जगात एका गोष्टीचं वेड होतं, आणि ती गोष्ट नेमकी कुकरची शिट्टी. नावानं शंभर हाका मारा, ती मान वळवायची नाही. पण लोधीखेड्याला मावशीच्या घरी कुकर फुसफुसायला लागला की असेल तिथून धावत यायची, ओट्यापासून हातभर दूर उभी राहायची आणि शिट्टी झाली की खळखळून हसायची. आता हिचं नशीब पाहा. सौंसरमधल्या सगळ्या घरांत शिट्ट्या होत्या आणि ही राहायला आली ती नेमकी बिनशिट्टीच्या घरात. समोरच्या वहिनींची डाळ लागली की एकाच वेळी दोन गोष्टी व्हायच्या. काकू खिडक्या लावायला धावायच्या आणि मितू दारातून बाहेर, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

तरी त्या दोघींचं जमलं. कसं ते मला आधी कळलंच नाही. संध्याकाळी काकू अंगणात तांदूळ निवडत बसायच्या, मितू शेजारी चाक फिरवत बसायची. दोघी एकमेकींकडे पाहायच्या नाहीत. बोलायच्या नाहीत. "बाळा, बोल ना, काकूला नाव सांग" असलं काही नाही. मी एकदा सहज म्हटलं, "काकू, ती तुम्हाला त्रास तं नाही देत?"

"तिच्या चाकाचा आवाज येत होता. मी तेल टाकलं," काकू म्हणाल्या. "आता बराबर आहे."

स्वतःच्या कानांसाठी त्यांनी तेल घातलं होतं. पण चाक आता दुप्पट वेळ फिरत होतं आणि मितूचा चेहरा असा उजळला होता की मी आत जाऊन थोडी रडून आले.

शेवटी नागपूरच्या डॉक्टरबाईंची वेळ मिळाली. मितूच्या बाबांची नोकरी पांढुर्ण्याला, त्यांना रजा मिळेना. काकूंनी कडीला विचारलं, "संगं कोण जाते?" मी म्हटलं, कोणी नाही. सकाळच्या बसला काकू कानटोपी घालून माझ्याआधी खिडकीशी बसलेल्या.

डॉक्टरबाई समजूतदार होत्या. मितूला त्यांनी जमिनीवर खेळू दिलं आणि मला विचारायला सुरुवात केली. "नावानं हाक मारली की बघते का?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "नाही पाहत. कायले पाहायचं? आयकाले कान लागते, डोळे नाही लागत."

डॉक्टरबाई हसल्या. "एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते?"

"हाव. एक खेळ चांगला भेटला तं दुसरा कायले पाहिजे?"

"काकू, त्या मितूचं विचारून राहिल्या," मी कानात म्हटलं.

"मी बी तेच सांगून राहिली."

"रोजच्या क्रमात काही बदललं तर चिडते का?"

"कोणी न सांगता बदललं तं चिडनच ना! तुमी नाही चिडत?"

"कपड्यांचा काही त्रास?"

"टोचते!" काकू एकदम खुर्चीच्या काठावर आल्या. "मानंजवळ ते लेबल राहते ना, ते टोचते. कंपनीवाले ते लावते कायले? मी तं सगळे उसवून टाकते." आणि पदर सरकवून त्यांनी ब्लाउजची मागची शिवण डॉक्टरबाईंना दाखवली.

डॉक्टरबाईंची खुर्ची चाकांची होती. बोलता बोलता ती हळूहळू माझ्याकडून काकूंकडे वळली. मितू तेवढ्यात खुर्चीच्या चाकापाशी जाऊन बसली होती, त्यामुळे खुर्ची वळली याचा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला.

मग त्यांनी शब्द सांगितला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला तो मराठी शब्द अजून पटलेला नाही. माझी पोर स्वतःत कुठे मग्न असते, ती चाकात मग्न असते. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे जन्मापासूनचं असतं. तुमच्या नोकरीनं झालेलं नाही, मोबाइलनं नाही, कुणाच्या पापानं नाही. हा ताप नव्हे की औषधानं उतरेल. मेंदूची घडणच वेगळी असते, जग तिच्यापर्यंत वेगळ्या वाटेनं पोचतं. शिकवता मात्र खूप येतं, आणि लवकर सुरू केलं तर चांगलं.

मला एवढं सगळं ऐकू येत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "जास्त आहे का कमी?" ताप मोजतात तसं मला मोजून हवं होतं.

काकूच मध्ये बोलल्या. "असं कसं सांगन? मले आवाज जास्त होते, तिले कमी पडते. मी बोलते तं लोक म्हणते आता बस करा, आन् ती बोलत नाही. मले कोणी धरलं तं नाही सहन होत, आन् तिले घट्ट धरलं तंच झोप लागते. मंग कोण जास्त आन् कोण कमी?"

डॉक्टरबाई काकूंकडे पाहून म्हणाल्या, "असंच असतं. एका ओळीत कमी-जास्त लावता येत नाही. कुणाला आयुष्यभर कुणीतरी सोबत लागतं, कुणी एकटं घर चालवतं, आणि तरी दोघांचं नाव एकच." मग हळूच, "तुम्हाला स्वतःबद्दल काही विचारायचंय का?"

"मले काय झालं?" काकू म्हणाल्या. "मी तं पोरीसंगं आली."

"ती बोलेल का?" मी विचारलं. त्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

"आज सांगता येत नाही. पण सांगायचे रस्ते बोलण्याशिवायही खूप असतात. तिचा कुठला, ते शोधायचं."

परतीच्या बसमध्ये मितू माझ्या मांडीवर झोपली. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. सावनेर मागे पडलं तेव्हा त्या काचेला म्हणाल्या, "म्हणजे माह्यासारखे अजून आहेत."

"हाव काकू. लय आहेत म्हणे."

"कुठी राहते ते?"

"सगळीकडंच असन."

"मंग ते एकमेकाइच्या घरी जात नसन," त्या म्हणाल्या. "बरं आहे." आणि सौंसर येईपर्यंत त्या स्वतःशीच हसत होत्या. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी तान्हा पोळा आला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, ओढत मैदानात आणायचे, तोरणाखाली रांग लावायची, मग घरोघरी जाऊन बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ. आमच्या घरी पोळ्याचं काही नसतं. पण चाकं असतील तिथे मितू, आणि मितू असेल तिथे मी. काकूंनी माळ्यावरचा जुना लाकडी बैल काढून दिला. चाकांना तेल घालून.

मैदानात तोबा गर्दी. भोंग्यावर गाणी. मितूनं बैल उलटा केला आणि रांगेतच मांडी घालून चाकं फिरवायला लागली. मागच्या पोरांची वाहतूक तुंबली. मी त्यांच्या आयांची समजूत घालायला वळले, आणि परत पाहिलं तर मितू नव्हती.

मैदानाच्या एका बाजूला छिंदवाड्याचा रस्ता, ट्रक धावणारा. दुसऱ्या बाजूला बागा, आणि बागांत कठडे नसलेल्या विहिरी. मी "मितू, मितू" ओरडत सुटले. लोक चांगले होते, सगळे शोधायला लागले. भोंग्यावरून पुकारा सुरू झाला, "मितू बेटा, जिथं असशीन तिथून स्टेजजवळ ये, तुही मम्मी रडून राहिली आहे." पुन्हा पुन्हा तेच. सगळं गाव तिला अशा एका नावानं बोलावत होतं जे तिच्या काहीच कामाचं नव्हतं. मलाही ते कळत होतं, पण दुसरं काय ओरडावं ते सुचत नव्हतं.

आणि त्या गर्दीतून कानटोपी आली. ज्या बाई वरातीच्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकत नसत त्या भोंग्याच्या थेट खाली येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात कानांवर दाबून, आणि माइकवाल्याला ओरडल्या, "बंद कर तुहा भोंगा! नाव घेऊन काय होते? शिट्टी वाजवा!"

भोंगा बंद पडला. एका कार्यकर्त्यानं तत्परतेनं खिशातली पीटीची शिट्टी काढून फुर्रकन वाजवली. दोघातिघांनी तोंडात बोटं घातली.

"ती नोहे!" काकू किंचाळल्या. "कुकरची! घरी जा आन् कुकर चढवा! सगळ्याइनं!"

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक म्हणाली, "काकू, सैपाक तं झाला."

"पाणी चढवा! रिकामं पाणी चढवा!"

आधी हलल्या त्या समोरच्या वहिनी. पदर खोचून पळाल्याच. "काकू कुकर चढवाले सांगून राहिली म्हणजे समजून घ्या वं बायाहो!" मग सगळ्या पळाल्या. पुढचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. पाणी तापायला वेळ लागतो. एवढ्या मोठ्या सणाच्या मैदानात चिडीचूप शांतता, पोरंसुद्धा बैल हातात धरून गप्प, आणि सगळं सौंसर वाफेची वाट पाहत उभं.

पहिली शिट्टी वहिनींची. मग शेजारची. मग मागच्या गल्लीतली, मग पलीकडच्या आळीतली, मग कुठली कुठली मोजता येईना. तोवर मी आणि अर्धी गर्दी मैदानातून आमच्या गल्लीत आलो होतो. काकू दारापुढच्या ओट्यावर बसल्या होत्या, गुडघ्यांत डोकं, कानांवर हात, आणि प्रत्येक शिट्टीला त्यांचं अंग कुणी चापट मारल्यासारखं आक्रसत होतं. त्या उठल्या नाहीत. खिडक्या उघड्या होत्या.

आणि बागांच्या बाजूनं मितू आली. चवड्यांवर, पाय गुडघ्यांपर्यंत चिखलानं भरलेले, काखेत उलटा बैल, मोकळा हात पाखरासारखा हलत. गर्दीतून गेली, माझ्या अंगावरून गेली आणि वहिनींच्या खिडकीखाली उभी राहून खळखळून हसली. मी तिला मागून घट्ट धरलं. ती तशीच धरू देते. वहिनी हातात सांडशी घेऊन रडत होत्या.

"भेटली ना? आता बंद करा," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर दोन दिवस त्या अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. डोकं फुटत होतं त्यांचं. तिसऱ्या दिवशी मी पाया पडायला गेले, मग आठवलं, नुसते हात जोडले. आभार मानायला लागले तर त्या म्हणाल्या, "आभार कायचे? पोट्टी हरपली होती."

मला भाबडीला वाटलं, आता नियम उठला. पुढच्या रविवारी मी लोधीखेड्याहून कुकर घेऊन आले. काकूंनी तो पिशवीतच ओळखला. "हे काय?"

"काकू, त्या दिवशी तं तुमीच..."

"त्या दिवशी काम होतं. आज डाळ गंजात शिजते." कुकर पुढच्या बसनं लोधीखेड्याला परत गेला. अशा होत्या काकू!

पुढे पांढुर्णा जिल्हा झाला, माझीही तिकडे बदली झाली आणि आम्ही ते घर सोडलं. निघताना गल्लीतल्या सगळ्यांनी "येत जा" म्हटलं. काकू काही म्हणाल्या नाहीत. दाराच्या कडीशी उभ्या होत्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढी वर्षं एका छपराखाली काढली, एकदा तोंडानं म्हणायला काय जात होतं?

मितू आता मोठी झाली. चार-सहा शब्द बोलते, बाकीचं फोनवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगते. मला "आई" चित्रातूनच म्हणते, आणि ते मला पुरतं. नावाला मात्र अजूनही वळत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वहिनींचा फोन आला, "काकू विचारून राहिल्या होत्या, पोट्टी कोणत्या बसनं येते." आम्ही येणार असं कुणी ठरवलंच नव्हतं. पण काकू फालतू विचारत नाहीत, म्हणून मी मितूला घेऊन सकाळची बस पकडली. बसस्टँडवरून चालत गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मितूचे पाय थबकले. टाचा उचलल्या गेल्या. मलाही ऐकू आलं. कुकरची शिट्टी, आणि ती वहिनींच्या घरची नव्हती. गल्लीच्या टोकाकडून येत होती, बिनशिट्टीच्या घरातून.

मितू पळत सुटली. मी पोचले तेव्हा ती काकूंच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून हातभर दूर उभी राहून हसत होती. गॅसवर नवाकोरा कुकर, त्याच्यावरचं कंपनीचं लेबल खरवडून काढलेलं. आणि काकू अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, कानटोपीवर दोन्ही हात दाबून उभ्या.

मला वाटलं आमच्यासाठी काही खास शिजतंय. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "काकू, काय चढवलं?"

"पाणी," त्या म्हणाल्या.

"नुसतं पाणी? कायले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून, स्वयंपाकघराच्या दाराकडे, मितूच्या हलणाऱ्या हातांकडे त्या पाहत होत्या.

"नावानं ती येत नाही ना," काकू म्हणाल्या. "मंग मी तिले बोलावू कशी?"